गाळलेलं नववं प्रकरण

सोमवार, ४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. प्रुफांचं पुडकं शनिवारी मिळालं. पोस्टमननं ते दारात असं आपटलं की मला वाटलं कुणी वीट पाठवली. उघडून पाहिलं तर आत सगळं लालेलाल. एका पानावर सतरा दुरुस्त्या! लहानपणी माझं शुद्धलेखन बाबांच्या आधी तू तपासायचीस, तेव्हापासून तुझा हात सुटलाय तो सुटलाच. छापखान्यातली माणसं तुला वचकून असतात ते उगाच नाही.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो. डॉक्टर म्हणाले, "चढउतार बंद करा." मी म्हटलं, "मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. उतरून आलोय, आता परत वर जायचं की नाही तेवढं सांगा." त्यांना हसू आलं नाही. संग्रहालयात माझी खोली बदललीय. पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं आता माझ्या पाठीशी आली आहेत, त्यामुळे दिवसभर कुणीतरी मानेकडे बघतंय असं वाटतं. बाकी खाणंपिणं वेळेवर आहे. तू विचारण्याआधीच सांगून टाकतो.

तुझ्या शंका क्रमानं घेतो.

पान एकतीस. "झोपेतून उठलेल्या माणसानं पांघरूण पायानं खाली ढकलावं आणि त्याच्या तीन वळ्या पडाव्यात, तशी ही रांग आहे." प्रकाशक म्हणतात, भूगोलाच्या पुस्तकात पांघरूण कशाला? राहू दे. भाऊजींचं वाक्य आहे, आणि त्या रांगेबद्दल मी आजवर जे वाचलं त्यात याहून नेमकं काही नाही. पहिली वळी मातीची, तिच्यावर झाडी. दुसरी खडकाची. तिसरी नुसती हाडं, वर्षातले सात महिने बर्फाखाली. पहिल्या दोघींमधलं पाणी आपल्या बाजूला उतरतं, पुढच्या दोघींमधलं पलीकडे जातं, आणि हे दोन प्रवाह पुन्हा कुठेच एकमेकांना भेटत नाहीत. हे भाऊजींनी चार हंगाम चालून, पावलं मोजून सिद्ध केलं. तुझ्या नवऱ्याचा नकाशा आहे, त्यातली एक रेघही हलवू नकोस.

पान अठ्ठावन्न. वरच्या तळ्याला पाठ दाखवायची नाही, ही तिथल्या मेंढपाळांची समजूत. तू समासात लिहिलंस, "मग परत कसं यायचं?" उलटं चालत, पन्नास पावलं. भाऊजींनी हे इमानेइतबारे पाळलं आणि पहिल्याच वर्षी चिखलात कमरेपर्यंत गेले. मावशी, म्हणजे आम्हाला वाट दाखवणारी मेंढपाळीण, त्यांना ओढून काढताना एवढी हसली की तिच्या हातून दोर सुटला. आणि हे चिखलातून विचारतायत, "पण तळ्याचा मान राहिला ना?" हा किस्सा पुस्तकात घालायचा नाही अशी मला तंबी होती, म्हणून घातला नाही.

पान चौऱ्याऐंशी. रानबकऱ्या दोनशे बाराच आहेत. पान नव्वद. "भांडण पायथ्याशी सोडून वर चढावं, कारण डोंगराला ते ऐकू गेलं तर तो एकाची बाजू घेतो." यात काही चुकलेलं नाही. आपण दोघं लहानपणी तिथे गेलो असतो तर डोंगराची पंचाईत झाली असती.

आता तुझी शेवटची शंका. पान एकशे बारा, भाऊजींच्या भागात ओळ आहे, "या पक्ष्याविषयी प्रकरण नऊ पाहा." आणि प्रकरण नऊ काढावं तर तिथे रानमांजरं. तू समासात लिहिलंस, "पक्षी कुठे उडाला?"

उडाला नाही, मी गाळला. हाक्याविषयी पुरेसा पुरावा जमला नाही. मुठीएवढा राखाडी पक्षी, कड्याच्या भेगांत राहतो, ऐकलेला आवाज तसाच्या तसा काढतो, यापलीकडे खात्रीनं काय सांगणार? शास्त्राच्या पुस्तकात ऐकीव गोष्टी नकोत. तेव्हा पान एकशे बारावरची ती ओळ काढून टाक.

तू म्हणशील, ऐकीव कशी? भाऊजींच्या पत्रांतून तुला सगळं माहीत आहे. रोज सकाळी पर्जन्यमापकाची नोंद घेऊन परत येताना ते कड्यावरून मला उठवायला "काडीऽऽ" अशी हाक मारायचे आणि तिसऱ्या वर्षापासून त्यांच्या आधी हाक्याच मला "काडीऽऽ" करून उठवायला लागला. मी अर्धवट झोपेत बाहेर जायचो, कुणीच नसायचं. मग खरी हाक यायची आणि मी जायचो नाही. यावरून त्यांनी तुला दोन पानं भरून पत्र लिहिलं होतं आणि तू ते छापखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलंस. माझी अब्रू तेव्हाच गेली.

फोनवर तू म्हणालीस, "ते पक्षी ऐकलेलं विसरत नाहीत ना? मग त्यांचा आवाज अजून तिथे असेल. मला एकदा ऐकायचाय." पुढचं बोलणं तुटलं, इकडे फोनचं हे असंच आहे. ताई, मला तुझं मन कळतं. भाऊजींना जाऊन चार वर्षं झाली. पण तिथे आता काही नाही. रस्ता दोन वर्षांपासून खचलाय, हाक्यांनीही तो कडा सोडल्याचं ऐकतो. आणि आवाज ऐकून होणार काय? ते पाय घसरून पडले आणि जागच्या जागी गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. हे मी तुला तेव्हाही सांगितलंय. तेवढं धरून राहा.

दुरुस्त्या केलेली पानं सोबत पाठवतोय. रात्री दिव्याजवळ डोळे फोडून घेत बसू नकोस.

तुझा,
काडी


शनिवार, १६ मार्च

ताई,

तुझं पत्र काल आलं. तीनदा वाचलं. आज संग्रहालयात गेलो नाही, सकाळपासून टेबलाशी बसलोय आणि दोन कागद फाडून झालेत.

तू लिहितेस की रजा मिळाली, अठ्ठावीस तारखेचं तिकीट काढलं, आणि रस्त्याची चौकशी केली तर तो व्यवस्थित चालू आहे. हो, चालू आहे. तो कधी खचलाच नव्हता. हाक्यांनीही कडा सोडलेला नाही. फोनही तुटला नव्हता, मी ठेवला. आधी हे सगळं ओकून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात वळेल.

आणि मावशीला तू निरोप पाठवलास, त्याचं तिनं उत्तर दिलं, "ये बाई. तुझं एक माझ्याकडे राहिलंय." तुला वाटतं भाऊजींचा मफलर असेल. मफलर नाही. काय आहे ते मला माहीत आहे, आणि तू तिथे पोचायच्या आत ते तुला माझ्याकडून कळलं पाहिजे. मोठा सच्चेपणा अंगात आलाय असा आव मी आणत नाही. मावशीचा हा निरोप नसता तर मी आणखी चार वर्षं गप्प बसलो असतो. कदाचित जन्मभर.

नववं प्रकरण लिहून तयार होतं. बावीस पानं. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच होतं, हे मी आजही सांगतो. त्यात माझा एक मोठा शोध होता. त्या रांगेतल्या लोकांची समजूत आहे की धुक्यात कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. डोंगर ओळखीच्या माणसाचा आवाज काढतो आणि ओ देणाऱ्याला कड्याकडे नेतो. मी दाखवून दिलं की डोंगर वगैरे काही नाही, हा सगळा हाक्याचा उद्योग. माणसं हाका मारतात, पक्षी शिकतो, धुक्यात पक्षी दिसत नाही, आवाज तेवढा येतो. झालं, समजूत तयार. मला केवढा आनंद झाला होता! भाऊजींनी पाठ थोपटली आणि म्हणाले, "काडी, तू डोंगराला उघडा पाडलास."

पण त्या समजुतीला दुसरा भागही आहे. मावशीनं मला तो पहिल्याच वर्षी सांगितला होता. "एक हाक आली, बसून राहायचं. दुसरी आली, तरी बसून राहायचं. तिसरी आली तर मात्र उठायचं. डोंगराला एवढा धीर नसतो. तिसऱ्यांदा हाक मारतो तो माणूस." हा भाग माझ्या शोधात बसत नव्हता. हाक्या तर दिवसातून वीस वेळा ओरडतो. म्हणून मी तो तळटीपेत टाकला आणि पुढे लिहिलं, "हे अर्थात निराधार आहे."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणायची. माझा बैल कसा रिकामा राहिला ते ऐक.

त्या दिवशी दुपारी अडीचला भाऊजी दिवसाची दुसरी नोंद घ्यायला निघाले. पर्जन्यमापक आमच्या खोलीपासून दोनशे पावलांवर, कड्याच्या कडेनं जाणाऱ्या पायवाटेच्या टोकाला होता. खोली म्हणजे मेंढपाळांची लोकर ठेवायची दगडी कोठी, तू फोटोत पाहिलीस ती. घड्याळ त्यांच्यावरून लावावं असा माणूस. मी म्हटलं, "भाऊजी, खालून धुकं चढतंय." ते म्हणाले, "पाऊस काय माझ्यासाठी थांबणार आहे?" आणि गेले. दहा मिनिटांत दार उघडलं तर उंबऱ्यापलीकडे काही दिसेना.

आमचा नियम ठरलेला होता. धुक्यात जो जिथे असेल त्यानं तिथेच बसायचं. पर्जन्यमापकाजवळ कपारीत आडोसा होता. याआधी दोनदा ते तिथे बसून राहिले होते आणि धुकं उतरल्यावर माझ्या नावानं खडे फोडत परत आले होते. म्हणून ते आले नाहीत याची मला काळजी वाटली नाही. ही सबब नाही ताई, खरंच वाटली नाही. मी शेगडीवर मोजे वाळत घातले. मावशी लोकर विंचरत होती.

तीन वाजून पाच मिनिटांनी हाक आली. "काडीऽऽ." मी मावशीकडे बघून हसलो. वही काढली आणि वेळ लिहिली. तीन वीसला पुन्हा. पुन्हा लिहिली. धुक्यात हाक्या ओरडतो याची माझ्याकडे आतापर्यंत एकही स्वतःची नोंद नव्हती, सगळी लोकांकडून ऐकलेली. मला घबाड मिळाल्यासारखं झालं होतं.

तीन पंचेचाळीसला तिसरी आली. मावशीनं हातातली फणी खाली ठेवली.

"ऊठ," ती म्हणाली. "माणूस आहे."

"पक्षी आहे, मावशी."

"तिसरी आहे रे."

"पक्ष्याला कुठे मोजता येतं?"

"तुला येतं ना? मग मोज की." ती उठली, भिंतीवरचा दोर काढला आणि एक टोक कमरेला बांधलं. "धर हे. मी कडेकडेनं जाऊन बघते. तू दारात बसून सोडत राहा."

मी दोर धरला नाही. मी तिला समजावत बसलो. भाऊजी पर्जन्यमापकापाशी आहेत, आवाज तर त्याच्या कितीतरी अलीकडून येतोय, म्हणजे ते असणं शक्यच नाही. माझं तर्कशास्त्र एकदम चोख होतं. ते परत यायला निघाले असतील, आपलाच नियम मोडून निघाले असतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ते मला चहाच्या वेळेला एकटं सोडायचे नाहीत हे मला ठाऊक होतं, तरीही आलं नाही. पक्ष्यांचा जाणकार मी. शेवटी मावशी बसली, पण दोर कमरेला तसाच होता.

चार दहा. "काडी." या वेळी लांबवलेली नव्हती. मी लिहिलं, "स्वर खालचा." बघ, सगळं किती बारकाईनं लिहिलंय.

आतापर्यंतचं मी कुणालाही सांगू शकलो असतो. चुकलो, पक्षी समजलो, विद्वत्तेनं घात केला. लोक हळहळले असते. तूही मला जवळ घेतलं असतंस. पुढचं सांगता येत नव्हतं म्हणून यातलं काहीच सांगितलं नाही.

साडेचारला शेवटची हाक आली. ती माझ्या नावाची नव्हती. तुझ्या नावाची होती. कागदावरचं नाव नव्हे, घरात फक्त तेच तुला ज्या नावानं हाक मारायचे ते.

ते नाव त्या डोंगरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. तू तिथे कधी आली नाहीस आणि भाऊजी चारचौघांत तुझा उल्लेख "घरी" असाच करायचे. हाक्याला ते येणं शक्य नव्हतं. हे मला तत्क्षणी कळलं. कुणाला नाही एवढं मला कळत होतं, सगळा जन्म त्यातच घातलाय. मावशी पुन्हा उभी राहिली. तिनं दोराचं दुसरं टोक माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "हे कुणाचं नाव रे?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

आणि मान खाली घालून वहीत लिहिलं, "४.३०. नवा शब्द."

मी भ्यालो होतो, ताई. दुसरं काही नाही. दारापलीकडे पांढरं होतं, कडा कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं, आणि आपण तिथे जायचं हा विचारच मला नको होता. खरं तर मला जावंही लागणार नव्हतं, नुसता दारात बसून दोर धरायचा होता. पण मी दोर धरला असता तर ती हाक माणसाची आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि मग मावशीला काही सापडलं तर मलाच उतरावं लागलं असतं. वहीत लिहिलं की ती पक्ष्याची झाली. मी स्वतःला असं वाचवलं.

मावशीनं दोर खाली ठेवला. एकटीनं जाण्यात अर्थ नव्हता हे तिला ठाऊक होतं. मला ती काही बोलली नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. पुन्हा हाक आली नाही.

धुकं दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलं. ते खोलीपासून एक्केचाळीस पावलांवर होते. पायवाटेच्या खाली, दोन पुरुष खोल, एका अरुंद कट्ट्यावर. उजवा घोटा मोडला होता, बाकी अंगावर खरचटल्याशिवाय काही नव्हतं. कोट घट्ट गुंडाळून भिंतीला टेकून बसलेले होते. जागच्या जागी गेले, हे मी तुला खोटं सांगितलं. पायथ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, थंडीनं गेले, पहाटेच्या सुमाराला. म्हणजे साडेचारनंतर ते बारा तास जिवंत होते.

मी रात्रभर कंदील घेऊन शोधलं, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी एकही हाक मारली नाही. घरी आल्यावर तू माझ्यासाठी मीठ घालून गरम पाणी आणलंस आणि म्हणालीस, "आता बोलू नकोस, घशाला आराम दे." तुझा नवरा गेलेला आणि तू माझ्या घशाची काळजी करत होतीस. माझा घसा ठणठणीत होता. तरी मी आठवडाभर घोगरं बोललो.

आणखी एक सांगायचं राहिलं, तेही लपवत नाही. प्रकरणांचा क्रम आम्ही आधीच ठरवला होता, पण नववं मी ते गेल्यानंतर लिहिलं. त्यात त्या दुपारच्या पहिल्या चार नोंदी घातल्या होत्या. "दाट धुक्यात एकाच दुपारी चार वेळा उत्कृष्ट नक्कल." असं छापायला मी तयार होतो. प्रुफं तुझ्याकडे जाणार हे कळलं तेव्हा माझे हात थांबले. तू तारीख ओळखली असतीस. पुरावा अपुरा होता म्हणून नव्हे, तुझ्या लाल पेनाला भिऊन मी ते प्रकरण काढलं.

त्यानंतरचे तीन हंगाम मी तुला न सांगता तिथे जातोय. कड्याशी बसतो. हाक्या अजून "काडीऽऽ" करतात, अगदी त्यांच्या आवाजात, त्यांच्या हेलात. तू गेलीस तर ऐकू येईल, त्यात काही खोटं नाही. पण मी दुसऱ्याच शब्दासाठी कान लावून बसायचो. एखाद्या तरी पक्ष्यानं तुझं नाव उचललेलं असावं, म्हणजे ती हाकही पक्ष्याचीच होती असं मला म्हणता आलं असतं. एकालाही येत नाही. तीन हंगामांत एकदाही नाही.

म्हणजे ती हाक आता कुठेच नाही. मावशीच्या कानात आहे आणि माझ्या. मावशीकडे तुझं जे राहिलंय ते हेच. ते नाव कुणाचं असेल हे तिनं केव्हाच ताडलंय.

वहीतलं ते पान कापून सोबत ठेवलंय. शेवटच्या ओळीपुढे मी तो शब्दही लिहिला होता, तो आहे. तू मावशीबरोबर वर जा. मी येणार नाही. माझ्याबरोबर त्या पायवाटेवर चालायला मी तुला सांगू शकत नाही. प्रुफांमध्ये पान एकशे बारावरची भाऊजींची ओळ ठेव आणि माझं नाव मुखपृष्ठावरून काढ. प्रकाशकांना मी वेगळं कळवलंय.

मावशी तुला सांगेल की हाक आली होती. पण कशी होती हे तिला सांगता येणार नाही, कारण तिनं त्यांना घरात कधी पाहिलं नाही. ते मीच सांगू शकतो. चार वर्षं मी ते तुझ्यापासून दाबून ठेवलं, कारण ते दिलं असतं तर बाकीचंही द्यावं लागलं असतं. ते किंचाळत नव्हते. मदत मागत नव्हते. माझ्या नावाच्या हाका मदतीच्या होत्या, ही तशी नव्हती. संध्याकाळी घरी आले की दारात बूट काढता काढता, खाली वाकलेलेच, तू स्वयंपाकघरात आहेस की मागच्या खोलीत हे कळावं म्हणून ते तुला हाक मारायचे ना? तेवढ्याच आवाजात. उत्तर येणार याची खात्री असल्यासारखी. शेवटी थोडी वर जाणारी.

तू माझी कुणी राहशील की नाही हे तू ठरव. मी मात्र
तुझा भाऊच आहे.